यॉटच्या उजव्या शाफ्टची थरथर: अलाइनमेंट दोनदा केली, आता इंजिन उतरवू का?

धरमपेठी_दर्यावर्दी (धागाकर्ता)

आधी हसून घ्या. मी नागपूरचा, राहतो धरमपेठेत, आणि माझ्या नावावर एका बोटीचा एक तृतीयांश हिस्सा आहे. बोट अलिबागजवळच्या मांडव्याला असते, साडू पनवेलला, तिसरा भागीदार बाराही महिने दुबईत. म्हणजे बोट वापरतो साडू, पैसे भरतो मी.

४२ फुटी जुनी मोटर यॉट, फायबरची. सहा सिलिंडरची दोन डिझेल इंजिनं, दोन्हींना २:१ चा गिअरबॉक्स, पावणेदोन इंची शाफ्ट (गिअरबॉक्सपासून पंख्यापर्यंतचा दांडा), चार पात्यांचे पंखे. पावसाळाभर बोट वर काढून ठेवली होती. दसऱ्याला पाण्यात सोडली तेव्हापासून उजवीकडे थरथर आहे. १५०० आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) काही नाही. १८०० ला मागच्या केबिनच्या काचा किरकिरतात आणि २००० ला चहाचा कप आपल्या पायाने टेबलाच्या कडेला येतो. (साडूने कौतुकाने व्हिडिओ काढलाय.)

यार्डवाल्याने अलाइनमेंट केली (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत जुळवले), फरक शून्य. पुन्हा केली, पुन्हा बिल. आता म्हणतो इंजिन उतरवावं लागेल. दिवाळीत गेलो तेव्हा मी फोनवरच्या व्हायब्रेशन ॲपने मोजलं. इंजिन २००० ला असताना ३३ हर्ट्झवर (सेकंदाला ३३ झटके) ठसठशीत शिखर. शाफ्ट १००० ने फिरतो म्हणजे १६.७, त्याची दुप्पट ३३. दुप्पट दिसली की मिसअलाइनमेंट, असं जिथं तिथं वाचलं. मग दोनदा करूनही जात का नाही? इंजिन उतरवायला हो म्हणू का?

तर्री_पोहे

मी पयला!

समुद्र आठशे किलोमीटर अन् बोट याची! काऊन बावा, फुटाळ्यात नाही का मावत?

खिंडसीचा_खेकडा

@तर्री_पोहे, हसू नको. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडला तेव्हा आमच्या गल्लीत बोटीतून माणसं काढली. त्या दिवशी धर्मूभाऊंची यॉट इथं असती तर नगरसेवक झाले असते.

धरमपेठी_दर्यावर्दी

डिपॉझिट वाचलं असतं तरी पुरे :-)

मोतीबाग_नॅरोगेज

रेल्वेत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी कपलिंगं (समोरासमोर बोल्टने आवळलेल्या दोन तबकड्या, म्हणजे फ्लँज) जुळवण्यात गेली. बोटीवर कधी पाय ठेवला नाही, पण फ्लँज ती फ्लँज.

पहिला प्रश्न, अलाइनमेंट जमिनीवर केली की पाण्यात? बोट ठोकळ्यांवर असते तेव्हा तिचा तळ वेगळ्या आकारात बसतो आणि पाण्यात सोडली की वेगळ्या. जमिनीवर कितीही बारीक जुळवलं तरी पाण्यात ते हललेलंच असणार. सोडल्यावर दोन दिवस थांबायचं, डिझेलच्या टाक्या नेहमीइतक्या भरलेल्या ठेवायच्या, मगच कपलिंग उघडायचं.

मोजायचं असं. कपलिंगचे बोल्ट काढा, दोन फ्लँज केसभर लांब करा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) एवढा फरक चालतो. सहा इंची फ्लँज असेल तर सहा थाऊ. आता खरी गंमत. जिथं फट जास्त आली तिथं शाफ्टच्या फ्लँजवर खडूने खूण करा, शाफ्ट अर्धा फेरा फिरवा आणि परत मोजा. मोठी फट खुणेबरोबर फिरली तर फ्लँजचं तोंड वाकडं आहे किंवा शाफ्ट वाकलाय. अशा वेळी इंजिन वर्षभर वरखाली करत बसलात तरी जुळणार नाही. फट जागची हलली नाही तर मात्र इंजिन खरंच तिरकं बसलंय.

तुमच्या यार्डवाल्याने शाफ्ट फिरवून पाहिला का? विचारा त्याला.

बुटीबोरी_बेअरिंग

फ्लेक्झिबल कपलिंग टाका, संपला विषय. आमच्या कारखान्यात तेच करतो.

मोतीबाग_नॅरोगेज

@बुटीबोरी_बेअरिंग, आणि दर सहा महिन्यांनी त्याचं रबर बदलता, ते सांगायचं राहिलं. जुळवणीतली चूक फ्लेक्झिबल कपलिंग गिळतं, पचवत नाही. बोटीत तर पंख्याचा सगळा रेटा त्याच शाफ्टमधून येतो.

बुटीबोरी_बेअरिंग

गिळतं, पचवत नाही... हे आमच्या मॅनेजरला छापून देतो.

सागरिका_नागपूरवाली

माहेर प्रतापनगर, नोकरी व्यापारी जहाजांवर इंजिन रूममध्ये, सध्या सुट्टीवर. मोतीबागकाकांच्या सगळ्या म्हणण्याला +१, एक भर घालते.

बोटीचा शाफ्ट पुढच्या टोकाला लोंबतो. स्टफिंग बॉक्सपासून (शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथे पाणी अडवणारी जोडणी) कपलिंगपर्यंत त्याला आधार नसतो आणि टोकाला फ्लँजचं ओझं. बोल्ट काढले की ते टोक खाली झुकतं, फ्लँजचं तोंड जरा खाली पाहू लागतं आणि खालची फट मोठी दिसते. ती इंजिनाची चूक नसते. म्हणून मोजताना शाफ्ट उचलून धरावा लागतो: मोकळ्या लांबीचं निम्मं वजन अधिक फ्लँजचं पूर्ण वजन. पावणेदोन इंची स्टीलचा शाफ्ट फुटाला पावणेचार किलोच्या आसपास भरतो. मोकळी लांबी तीन फूट आणि फ्लँज पाच किलोची धरली तर साडेदहा किलोच्या आसपास. रद्दीवाल्याचा हुकाचा काटा वर टांगायचा, शाफ्टला दोरी घालायची आणि काट्यावर तेवढं दिसेपर्यंत ओढायचं. आम्ही जहाजावर जॅक लावून बेअरिंगवरचा भार मोजतो. नखरे जास्त, तत्त्व तेच.

त्याआधी फुकटातल्या तीन गोष्टी करा.

जेटीला बांधलेल्या बोटीत, गिअर न टाकता, उजवं इंजिन २००० ला न्या. थरथरलं तर दोष इंजिनात, माउंटमध्ये नाहीतर इंजेक्टरमध्ये. तुमच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण २:१ गिअरबॉक्समुळे शाफ्टची दुप्पट आणि इंजिनाची एकपट हे दोन्ही ३३ हर्ट्झलाच येतात. ॲपला त्यातलं कोणतं ते कळत नाही.

मग एकेका इंजिनावर चालवून पाहा. दोन इंजिनं दहा-वीस फेऱ्यांनी मागेपुढे असली तरी घूंऽऽम-घूंऽऽम अशी लाट येते आणि माणसं तिलाच बिघाड समजतात. बंद इंजिनाचा शाफ्ट पाण्याच्या ओढीने फिरत राहतो, तो किती वेळ फिरू द्यायचा ते गिअरबॉक्सच्या पुस्तकात बघा.

आणि पाण्यात माणूस उतरवून दोन्ही पंखे हाताने हलवून पाहायला सांगा. डुगडुगला तर कटलेस बेअरिंग (पंख्याजवळ शाफ्टला धरणारं) झिजलंय. ते रबरी बेअरिंग एकाच बाजूने झिजलं असेल तर आपली जुळवणी चुकली हे तेच सांगतं.

धरमपेठी_दर्यावर्दी

सागरिकाताई, मोतीबागकाका, दंडवत. पहिली अलाइनमेंट जमिनीवर झाली, दुसरी पाण्यात. शाफ्ट फिरवून पाहिला का हे विचारल्यावर यार्डवाला म्हणाला, "साहेब, तुम्ही नागपूरहून कशाला डोकं लावता?"

शनिवारी साडू आणि आमची बोट चालवणारे तांडेलकाका बसणार आहेत. मी व्हिडिओ कॉलवर.

तर्री_पोहे

तो बरोबर बोलला. आपण नागपूरवाले फक्त संत्र्याला डोकं लावतो.

धरमपेठी_दर्यावर्दी

शनिवारचा अहवाल.

गिअरशिवाय २००० ला इंजिन गुळगुळीत. एकट्या डाव्या इंजिनावर बोट शांत, एकट्या उजव्यावर कप चालला. म्हणजे दुखणं उजवीकडे आणि गिअरबॉक्सच्या मागे.

फ्लँज सहा इंची. बोल्ट काढून नुसतं मोजलं तर खाली नऊ थाऊ जास्त. अर्धा फेरा फिरवलं, तरी फट खालीच. साडू ओरडला, "सापडलं!" मी म्हटलं थांब. काटा मिळेना म्हणून तांडेलकाका जेटीवरच्या मासळीवालीचा मागून घेऊन आले. साडेदहा किलो उचलून धरलं आणि फरक चार थाऊवर आला!

म्हणजे यार्डवाल्याची अलाइनमेंट बरोबर आहे? मग मी दोन बिलं... जाऊ द्या.

कटलेसमध्ये किंचित डुगडुग आहे, पण दोन्हीकडे सारखीच.

मोतीबाग_नॅरोगेज

चार थाऊ म्हणजे मर्यादेच्या आत. जुळवणीचं खापर मी मागे घेतो. मासळीवालीच्या काट्यावर जुळवलेला शाफ्ट आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

खिंडसीचा_खेकडा

अवांतर: काटा परत करताना पापलेट घेतलं का?

धरमपेठी_दर्यावर्दी

तिने बोंबील गळ्यात मारले. साडू शाकाहारी.

कोराडीचा_धूर

धागा उशिरा पाहिला. मी कोराडीला, ६६० मेगावॅटच्या युनिटांवर व्हायब्रेशन मोजायचं काम करतो, म्हणून त्या ३३ वर जरा रेंगाळलो.

धागाकर्त्याला तीन प्रश्न. फोन कुठे ठेवला होता? ॲप सेकंदाला किती नमुने घेतं? आणि १८०० व १९०० ला शिखर कुठे होतं?

धरमपेठी_दर्यावर्दी

फोन इंजिनाच्या बेडवर, चिकटपट्टीने घट्ट. सेटिंगमध्ये १०० नमुने लिहिलंय. जुने स्क्रीनशॉट पाहिले, १९०० ला शिखर ३७ वर आणि १८०० ला ४० वर. यात काय?

कोराडीचा_धूर

सगळं त्यातच आहे. परत वाचा. इंजिन हळू होतंय आणि शिखर वर चढतंय! १८०० ला शाफ्ट ९०० ने फिरतो, म्हणजे १५ हर्ट्झ. दुप्पट असती तर ३० ला दिसली असती. तुम्हाला दिसते ४० ला. यंत्र हळू फिरलं की त्याच्या फेऱ्यांशी बांधलेली कंपनं खाली यायला पाहिजेत. वर जाणारं शिखर खोटं असतं.

सिनेमात टांगा पळताना चाक उलटं फिरताना दिसतं ना? कॅमेरा सेकंदाला चोवीसच चित्रं घेतो, चाकाचे आरे त्याहून चपळ, म्हणून डोळा फसतो. फोन सेकंदाला १०० नमुने घेतो, तेव्हा त्याला ५० हर्ट्झपर्यंतचंच खरं दिसतं. त्याच्या वरचं कंपन गुपचूप घडी पडून खाली येतं: शंभरातून ते वजा करायचं. ४० दिसलं म्हणजे मूळ ६०. ३७ म्हणजे ६३. आणि ३३ म्हणजे ६७. आता भागाकार करा. ६० भागिले १५, किती आले?

बुटीबोरी_बेअरिंग

चार.

सागरिका_नागपूरवाली

अरे देवा! चार पाती! २००० ला घडी पडून ते नेमकं दुपटीवर बसलं आणि आम्ही सगळे कपलिंग उघडायला धावलो. कोराडीभाऊ, मानलं.

कोराडीचा_धूर

ताई, योगायोग वाईट होता. यांनी २००० ऐवजी फक्त १८०० ला मोजलं असतं तर दुपटीचा विचारच आला नसता. पण घडी एकदाच पडली हे आपण धरून चाललोय. खात्री हवी असेल तर सेकंदाला ४०० नमुने घेणारा फोन शोधा आणि परत मोजा.

जाता जाता: स्क्रीनशॉटमध्ये १९०० ला ५ वर आणि १८०० ला १० वर बारकं शिखर आहे का? सहा सिलिंडरचं इंजिन फेऱ्याला तीनदा पेटतं, म्हणजे ९५ आणि ९०. शंभरातून वजा करा.

धरमपेठी_दर्यावर्दी

आहे!! मला वाटलं बोट लाटेवर हलतेय त्याचं असेल.

साडूच्या नव्या फोनवर ४०० होतात. आजच मोजलं. २००० ला शिखर ६७ वर, ३३ जवळजवळ सपाट.

तर्री_पोहे

मले काहीच समजलं नाही पण अंगावर काटा आला.

मासळीवालीचा_काटा

(नवीन आयडी, धाग्यामुळे घेतला.) बोला, किती किलो?

सागरिका_नागपूरवाली

:-))

आता कामाचं. एखादं पातं वाकलं किंवा पंख्याचा तोल गेला तर कंपन शाफ्टच्या एकपटीने येतं, फेऱ्याला एक झटका. इथे फेऱ्याला चार झटके आहेत, म्हणजे चारही पाती एकाच जागेवरून जाताना तोच अडथळा भोगताहेत. पंख्यापुढच्या, शाफ्टला धरणाऱ्या ब्रॅकेटवर बार्नॅकलचे (चिकटून बसणारे कवचवाले समुद्री जीव) थर चढले असले की पाणी फाटून येतं, तेव्हा असं होतं. आपल्या कोमट पाण्यात बोट महिनाभर उभी राहिली तरी ते चढतात. दुसरं कारण, पात्यांची टोकं तळाच्या फार जवळून जात असतील तर प्रत्येक पातं जाताना तळाला पाण्याचा एक धपाटा बसतो.

मला सांगा, पावसाळ्यात उजवीकडे नक्की काय काय बदललं? सगळं सांगा, स्क्रूसुद्धा.

धरमपेठी_दर्यावर्दी

इंजिनाचे माउंट, एक्झॉस्टचा होज, जस्ताचे ठोकळे. आणि हो, उजवा पंखा. मे महिन्यात ओंडका लागून एक पातं मुडपलं होतं. यार्डवाल्याने दुसरा बसवला. "त्याच मापाचा" असं बिलावर लिहिलंय.

मोतीबाग_नॅरोगेज

हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं नव्हतं का लेका! पेशंट पोट दुखतं म्हणतो आणि परवा नाणं गिळलं ते चौथ्या व्हिजिटला सांगतो.

धरमपेठी_दर्यावर्दी

त्याच मापाचा म्हटल्यावर मी विसरलोच काका. माफी.

कोराडीचा_धूर

पंख्याच्या हबवर (मधल्या गाभ्यावर) व्यास आणि पिच (एका फेऱ्यात पंखा हिशेबाने किती पुढे जाईल ते अंतर) इंचात कोरलेले असतात. दोन्हींचे आकडे बघा.

धरमपेठी_दर्यावर्दी

बुधवारी पाणबुड्या उतरवला. ज्यांनी तिथलं पाणी पाहिलंय त्यांना माहीत आहे, हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. हबवरचे आकडे वाचणं शक्यच नव्हतं. तांडेलकाका म्हणाले, डोळे कशाला पाहिजेत. त्याला सांगितलं, पातं सरळ वर उभं कर आणि टोक व तळ यांच्यामध्ये हात आडवा घालून बघ किती बोटं जातात.

डावीकडे चार बोटं आरामात. उजवीकडे तिसरं बोट अडकलं.

मग त्याने नखाने चाचपडून हबवरचे आकडे सांगितले, एकेक आकडा, मध्येच वर येऊन श्वास घेत. डावा २० × २२. उजवा २२ × १८.

ब्रॅकेटवर बार्नॅकल होते, तेही खरवडले. त्याने काचांची किरकिर जरा कमी झाली, कप मात्र चालतोच.

सागरिका_नागपूरवाली

चार बोटं म्हणजे तीन इंच, तिसरं अडकलं म्हणजे दोन इंच. टोक आणि तळ यांच्यातली जागा व्यासाच्या दहा ते पंधरा टक्के असावी असा ढोबळ नियम आहे. डावीकडे २० ला ३, म्हणजे पंधरा टक्के. उजवीकडे २२ ला २, म्हणजे नऊच. शिवाय टोकाचा वेगही वाढला.

आणि यार्डवाल्याने हुशारी केली आहे. व्यास दोन इंच वाढवला म्हणून पिच चार इंच उतरवला. त्यामुळे इंजिनावरचा भार जवळपास तोच राहिला, पूर्ण आरपीएम मिळाले आणि कोणाला शंका आली नाही. जवळ होता तो पंखा खपवला, एवढंच.

बुटीबोरी_बेअरिंग

म्हणजे इंजिन उतरवलं असतं, परत बसवलं असतं, आणि कप चालतच राहिला असता.

कोराडीचा_धूर

आणि तिसरं बिल.

मोतीबाग_नॅरोगेज

जुना वीस इंची पंखा आहे की भंगारात गेला? ब्राँझचा असेल तर मुडपलेलं पातं गरम करून सरळ होतं आणि तोलही करून मिळतो. बसवताना एक बघा. शाफ्टच्या निमुळत्या टोकावर पंखा आधी चावीशिवाय (पंखा शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेली लोखंडी पट्टी) चढवा आणि कुठवर जातो तिथं खूण करा. मग चावी घालून चढवा. खुणेपर्यंत आला नाही तर चावी उंच आहे, ती पंख्याला एका बाजूला उचलतेय. मग फेऱ्याला एक झटका सुरू होईल आणि तुम्ही नवीन धागा काढाल.

खिंडसीचा_खेकडा

काढू द्या काका, हिवाळ्यात दुसरं काय आहे वाचायला.

धरमपेठी_दर्यावर्दी

जुना पंखा साडूच्या गच्चीवर निघाला. वहिनींनी त्यात तुळस लावायचं ठरवलं होतं, थोडक्यात वाचला.

*तीन आठवड्यांनंतर*

धरमपेठी_दर्यावर्दी

उधाणाच्या भरतीला बोट वर काढली. यार्ड दुसरं. जुन्या पंख्याचं पातं सरळ करून तोल करून घेतला. चावीची परीक्षा घेतली आणि काका, चावी खरंच उंच होती! दोन्ही खुणांत जवळजवळ एका सुताचा फरक. कानसने घासून बसवली. वर आहेच तर कटलेसही दोन्हीकडचे बदलले. पाण्यात सोडून दोन दिवस थांबलो, मासळीवालीचा काटा परत मागितला (या वेळी सुरमई घ्यावी लागली) आणि जुळवणी तपासली. तीन थाऊ.

काल मी स्वतः गेलो होतो. रात्रभर समृद्धीवरून गाडी हाकली, सकाळच्या पहिल्या बोटीने मांडवा. उजवं एकटं २००० ला नेलं. तांडेलकाकांनी कप काठोकाठ भरून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि हाताची घडी घालून उभे राहिले. चहावर बारीक गोल गोल रेघा उमटल्या, पण कप तिथेच. ६७ वरचं शिखर पूर्वीच्या पाचव्या हिश्श्यावर आलंय.

पहिल्या यार्डवाल्याला फोन केला, २२ इंची पंखा परत घेणार का म्हणून. म्हणाला, वापरलेला माल परत घेत नाही.

तर्री_पोहे

मग तो इकडं आण. उन्हाळ्यात कूलरले लावू.

मासळीवालीचा_काटा

साडेदहा किलोच्या आत असेल तरच मोजून देईन.